आघाडी कितव्या फेरीची, तेवढे सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागून आता आठवडा होऊन गेला आहे. कोण जिंकले, कोणाचे काय चुकले, सरकार किती दिवस टिकेल, यावर आपल्या अंकांत पुष्कळ लिहून आले आहे आणि त्यात भर घालण्याचा मला अधिकार नाही. मला लिहायचे आहे ते त्या दिवशी सकाळी आठपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जे आकडे धावत होते त्यांच्याविषयी. मी साताऱ्यातील एक निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. नोकरीच्या काळात चार वेळा मतमोजणीच्या कामावर माझी नेमणूक झाली; दोनदा कागदी मतपत्रिका मोजल्या, दोनदा यंत्रे. टेबलावरून आकडा कसा निघतो आणि बाहेर पडेपर्यंत त्याला किती हातांतून जावे लागते हे मी जवळून पाहिलेले आहे, आणि त्यामुळेच तो पडद्यावर ज्या थाटात येतो ते पाहून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

सुरुवातीपासूनच सांगतो. आमच्या घरच्या घड्याळात आठ वाजून सहा मिनिटे झाली असतील, तेव्हा एका वाहिनीने देशभरातल्या साठ-सत्तर जागांचे कल दाखवून टाकले. दुसरीने लगेच शंभरी गाठली. मोजणी सुरू होते ती टपाली मतांपासून, आणि टपाली मत म्हणजे पाकीट फोडले की आकडा, असा प्रकार नसतो. बाहेरचे पाकीट उघडायचे, आत मतदाराचे घोषणापत्र आहे का, त्यावर सही आणि साक्षांकन आहे का ते पाहायचे, घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळवायचा, आणि हे सारे ठीक असेल तरच आतले पाकीट उघडण्यासाठी बाजूला ठेवायचे. सैन्यदलातील मतदारांच्या पाकिटांवरचे संकेतचित्र (क्यूआर कोड) यंत्रासमोर धरून तपासावे लागते ते वेगळेच. सहा मिनिटांत एका टेबलावर पहिला गठ्ठा सुटत असेल तर तेथील कर्मचाऱ्यांचा सत्कार करावा. मग हे साठ-सत्तर जागांचे कल आले कोठून, हा प्रश्न मला पडला. तो सूत्रसंचालकांना पडलेला दिसला नाही. ते तोवर दक्षिणेत कोणाची लाट आहे, यावर पोहोचले होते.

माझ्या पिढीने निकालाच्या रात्री निराळ्या पाहिल्या आहेत. डिसेंबर 1984 मध्ये आम्ही राहत होतो त्या वाड्यात एकच दूरचित्रवाणी संच होता, तोही कृष्णधवल, आणि त्याची अँटेना सिंहगडाच्या दिशेने वळवून बांधलेली होती. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत आणि मग वाड्यातले एक पोर कौलांवर चढून अँटेना हलवी; खालून चाळीस माणसे एका सुरात ‘आली, आली, गेली’ असे ओरडत. साताऱ्याची थंडी, अंगावर घोंगड्या, मधे शेगडी. दूरदर्शनवर निकालाची वार्तापत्रे काही वेळाने येत आणि मधल्या वेळात हिंदी चित्रपट लावत. चित्रपट ऐन रंगात आला की तो थांबे आणि निवेदक मतदारसंघांची नावे वाचू लागे, तेव्हा बायका वैतागत आणि पुरुष पुढे सरकत; वार्तापत्र संपले की उलटे होई. काँग्रेस चारशेच्या पुढे गेली ती निवडणूक. त्या दशकात प्रणॉय रॉय इंग्रजीत आणि विनोद दुआ हिंदीत निकालाचा अर्थ सांगू लागले, आणि इंग्रजी येणारा वाड्यात मी एकटाच असल्याने मतांचा टक्का किती हलला तर जागा किती हलतात, हे सर्वांना मराठीत समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. माझे वडील सगळे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “ते असू दे, पण आपल्या जिल्ह्याची पेटी फुटली का?”

तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. दूरदर्शन सरकारी होते आणि सरकारला न रुचणारी बातमी तेथे धीम्या पावलांनी येई. 1977 च्या मार्चमध्ये, जेव्हा आम्ही आकाशवाणीवर विसंबून होतो, तेव्हा रायबरेलीत इंदिरा गांधी 55 हजारांवर मतांनी हरल्याची बातमी अधिकृतपणे कानांवर येण्याआधी अफवा म्हणून गावभर फिरून आली होती. अफवांना तेव्हाही तोटा नव्हता. फरक एवढाच की अफवा पारावर असे आणि आकडा पडद्यावर असे, आणि कोणते कोठून आले हे ऐकणाऱ्याला कळत असे. आज दोन्ही एकाच पट्टीवरून, एकाच रंगात, एकाच वेगाने सरकतात.

मे 1996 ची मोजणी मला सर्वांत जास्त आठवते. उकाडा असह्य होता, आणि पंखा लावावा तर मतपत्रिका उडत. वीज गेली तर हाताशी असाव्यात म्हणून दोन पेट्रोमॅक्स पेटवण्याच्या तयारीत कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. पेटी फोडली की आधी फक्त संख्या मोजायची, म्हणजे मतदान केंद्राध्यक्षाने लिहून दिलेल्या हिशेबाशी पेटीतला कागद जुळतो का ते पाहायचे. एका पेटीत मतपत्रिकांबरोबर हळदकुंकू लावलेले अकरा रुपये निघाले, आता ते कोणाच्या खात्यात घालायचे यावर पाच मिनिटे गंभीर चर्चा झाली. मग निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र करून चांगल्या मिसळायच्या, त्यांचे मोजके गठ्ठे बांधायचे आणि ते गठ्ठे टेबलांवर वाटायचे. त्यानंतर खरे काम. घडी उलगडायची, फुलीचा शिक्का कोणत्या चिन्हावर आहे ते जाळीपलीकडच्या प्रतिनिधींना दिसेल असे धरायचे आणि त्या त्या उमेदवाराच्या खणात टाकायचे. शाई ओली असताना चुकीची घडी पडली तर शिक्क्याची पुसट सावली दुसऱ्या चिन्हावरही उमटते. मूळ ठसा कोणता आणि सावली कोणती, यावरून दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर येत आणि ती मतपत्रिका शंकास्पद म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे जाई. बोटांना स्पंजाचे पाणी लावून लावून पहाटेपर्यंत कातडी पांढरी पडली होती. गंमत अशी की आम्ही आत बसून निकाल तयार करत होतो आणि देशात काय चालले आहे हे आम्हाला सोडून सगळ्यांना ठाऊक होते. लोकसभा त्रिशंकू झाली आणि भारतीय जनता पक्ष 161 जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला, हे मला घरी आल्यावर बायकोने चहा देताना सांगितले. मी तिला सांगू शकलो ते एवढेच, की साताऱ्यात शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले आहेत. आणि यशवंतराव चव्हाणांच्या या मतदारसंघात तसे होऊ शकते, यावर तिचा विश्वास बसायला त्या दिवशीचे वर्तमानपत्र यावे लागले.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण त्या ‘मिसळण्या’त आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात ते खरे, पण त्यासाठी भात एकसारखा ढवळलेला हवा. कागदी मतपत्रिका मिसळल्या जात तेव्हा विधानसभा क्षेत्राच्या पहिल्या फेरीतसुद्धा पुष्कळ गावांचे थोडे थोडे मत आलेले असे, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत दिसलेला कल सहसा शेवटपर्यंत टिके. 2004 पासून लोकसभेची सर्व मोजणी यंत्रांवर होते आणि यंत्रे ढवळता येत नाहीत. एका विधानसभा क्षेत्रासाठी साधारणपणे चौदा टेबले मांडतात. पहिल्या फेरीत पहिल्या चौदा मतदान केंद्रांची यंत्रे, दुसरीत पुढची चौदा, असे ते चालते. मतदान केंद्रांचे क्रमांक मतदारसंघाच्या एका टोकापासून सलग दिलेले असतात, म्हणजे एका फेरीत येणारी गावे एकमेकांच्या शेजारची असतात, बहुधा एकाच खोऱ्यातली, एकाच साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातली, एकाच पुढाऱ्याला मानणारी. पाटणच्या मोजणीत कोयना खोऱ्यातली गावे चालू असतील तर तारळे खोऱ्याचे मत काय आहे याचा त्यात मागमूसही नसतो. तीनशे ते चारशे केंद्रे असलेल्या क्षेत्रात बावीस ते एकोणतीस फेऱ्या होतात, आणि त्यातल्या पाचव्या फेरीअखेरची आघाडी म्हणजे पातेल्याच्या एका कडेचा भात असतो.

त्यात सातारा लोकसभा मतदारसंघ वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा मिळून बनलेला आहे. सहाही ठिकाणची मोजणी एकाच वेळी चालते, पण एकाच वेगाने नाही. एखाद्या टेबलावर यंत्राच्या पडद्यावरची संख्या आणि मतदानाच्या दिवशीच्या नोंदीतली संख्या जुळली नाही की ती फेरी अडते. निरीक्षक प्रत्येक फेरीतली दोन यंत्रे स्वतः पुन्हा तपासून पाहतात. तोवर शेजारच्या दालनातली फेरी पुढे निघून गेलेली असते. त्यामुळे अकरा वाजता ‘सातारा’ म्हणून जो एक आकडा दिसतो त्यात कोरेगावच्या आठ फेऱ्या, वाईच्या सहा आणि कराड दक्षिणच्या नऊ असे काहीही असू शकते. या सगळ्याची बेरीज करून तिला आघाडी म्हणणे गणिताच्या दृष्टीने चूक नाही. किती फेऱ्यांची बेरीज आहे हे न सांगणे मात्र, गणिताचा शिक्षक म्हणून बोलायचे तर, छेद न लिहिता अंश लिहिण्यासारखे आहे.

याचा प्रत्यय यंदा आम्ही सातारकरांनी घेतला. 7 मे रोजी मतदान झाल्यावर चार आठवडे यंत्रे कुलपात होती आणि लोक अंदाज लढवत होते. मोजणीच्या दिवशी सकाळच्या फेऱ्यांत शशिकांत शिंदे पुढे होते, दुपारनंतर चित्र पालटले आणि उदयनराजे भोसले 32,771 मतांनी निवडून आले. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गल्लीत एका बाजूने पेढ्यांची चौकशी झाली होती आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने फटाके वाजले, इतपत ते खेळीमेळीचे होते. पुढे जे कानांवर आले ते तितके खेळीमेळीचे नव्हते. पोवई नाक्यावर चहाच्या गाड्याशी, राजवाड्यासमोर, एसटीत, मला निदान सहा जणांनी खालच्या आवाजात विचारले, “गुरुजी, तुम्ही मोजणीला होता ना, मग सांगा, दुपारी आत काय झालं?” आत काहीच झाले नव्हते. राहिलेल्या गावांची यंत्रे टेबलावर आली होती. हे मी प्रत्येकाला चौदा टेबलांचा हिशेब मांडून सांगितले. दोघांना पटले, बाकीचे ‘असेल, असेल’ म्हणाले. ज्या माणसाने सकाळभर पडद्यावर ठळक अक्षरांत आघाडी पाहिली आणि ती कितव्या फेरीची आहे हे त्याला एकदाही कोणी सांगितले नाही, त्याने दुपारच्या उलटफेरावर संशय घेतला तर दोष त्याला देववत नाही. असाच संशय उद्या निकाल दुसऱ्या बाजूने फिरला तर दुसऱ्या बाजूचे लोक घेतील, आणि घेतातही.

साताऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पडद्याने दिवसभर दाखवलीच नाही. दोन उमेदवारांची छायाचित्रे आणि त्यांच्यामधला फरक, एवढीच चौकट असल्यामुळे तिसरी ओळ कोणाला दिसली नाही. त्या तिसऱ्या ओळीत, ज्याला लोक पिपाणी म्हणतात आणि मतदान यंत्रावर ज्याचे नाव तुतारी असे होते, ते चिन्ह मिळालेल्या अपक्ष उमेदवाराला 37 हजारांवर मते पडली, म्हणजे जय-पराजयातल्या अंतरापेक्षा जास्त. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेल्या, शशिकांत शिंदे यांच्या पक्षाने त्याबद्दल तक्रार केली. ती मते कोणाला जायची होती हे कोणीच शपथेवर सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण त्या दिवशी साताऱ्यात काय घडते आहे हे समजायला जो आकडा सर्वांत उपयोगी होता तो पाहायला लोकांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रापर्यंत थांबावे लागले, ही गोष्ट आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने अभिमानाची आहे, एवढे आपल्याला कळवून ठेवतो.

माझा भाचा जोगेश्वरीला राहतो. तेथे, म्हणजे मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात, दुपारी अमोल कीर्तिकर विजयी झाल्याच्या पट्ट्या काही वाहिन्यांवर झळकल्या आणि त्याने मला दूरध्वनी करून तसे सांगितले. तासाभराने पुन्हा दूरध्वनी आला, फेरमोजणी चालू आहे म्हणून. अखेर रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. यंत्रांतली मते धरली तर कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतांत वायकरांना 49 मते जास्त होती, आणि एकोणपन्नासातून एक वजा जाता राहिले अठ्ठेचाळीस. साडेचार लाख मते प्रत्येकी मिळालेल्या दोन उमेदवारांत एवढाच फरक असू शकतो, हे पाहून मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या कोणाच्याही अंगावर काटा येईल. वाद पुढे न्यायालयात जाईल की आणखी कोठे, तो भाग वेगळा. माझा मुद्दा असा की ‘विजयी’ हा शब्द पडद्यावर आला तेव्हा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो उच्चारलेला नव्हता. मतमोजणीत शेवटची फेरी झाल्यावरसुद्धा काम संपत नाही. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तेथील व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला पडले ते छापणाऱ्या यंत्राच्या, कागदी चिठ्ठ्या एकेक करून मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये घालून दिलेला हा नियम आहे. साताऱ्यापुरते बोलायचे तर सहा क्षेत्रांची मिळून तीस केंद्रे होतात. ते झाल्यावर अंतिम निकालपत्रक, त्यावर सही, मग घोषणा आणि निवडून आल्याचे प्रमाणपत्र. या मधल्या दोन-तीन तासांत वाहिन्या विजयी उमेदवाराची मुलाखतसुद्धा उरकून घेतात.

बीडचा निकाल पाहण्यासाठी मी त्या रात्री जागलो. बीडशी माझे काही नाते नाही. पंकजा मुंडे आणि बजरंग सोनवणे यांच्यात आघाडी इकडची तिकडे होत होती आणि शिक्षकाला अपुरे गणित सोडून झोप येत नाही, एवढेच कारण. दहाच्या सुमारास मुख्य वाहिन्या दिल्लीकडे वळल्या. कोण कोणाला पाठिंबा देणार, कोणाचे विमान कोठे उतरले, हे सुरू झाले आणि बीड तळाच्या पट्टीत गेले. माझी नात मोबाइलवर निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ उघडून शेजारी बसली होती. पडद्यावर एक आघाडी, तिच्या हातातल्या मोबाइलवर दुसरी, आणि तिसऱ्या वाहिनीवर तिसरीच. ती म्हणाली, “आजोबा, यातलं खरं कोणतं?” मी म्हणालो, जिच्याखाली फेरीचा क्रमांक लिहिला आहे ती. आयोगाच्या पानावर फेऱ्यांची संख्या होती. आकडा उशिराने येत होता, पण आला की त्याला वय होते. अकरा वाजता सौभाग्यवती दिवा मालवायला आल्या आणि म्हणाल्या, “अहो, झोपा आता, तुम्ही जागून बीडचा निकाल बदलणार आहे का?” दिवा मालवला, संच चालू राहिला. फेरमोजणीची मागणी झाली, अधिकारी आले, गेले, पोलिसांच्या गाड्या दिसल्या, आणि सोनवणे 6,553 मतांनी निवडून आल्याचे कळले तेव्हा नात खुर्चीतच झोपलेली होती. देशातल्या सर्व मतदारसंघांत तो निकाल सर्वांत शेवटी जाहीर झाला, असे मागाहून वाचनात आले. त्या रात्री मला 1984 चा वाडा आठवला तो याचसाठी, की निवेदकाने आकडा सांगावा आणि त्याच्यावर वाद न घालता आपण घोंगडी ओढून घ्यावी, असे कित्येक वर्षांत पहिल्यांदाच वाटले.

मतदानोत्तर चाचण्यांविषयी फार लिहीत नाही. 1 जूनच्या संध्याकाळी त्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेपासून चारशेपर्यंत जागा देऊ केल्या होत्या आणि प्रत्यक्षात 293 आल्या. 2004 मध्येही त्या तोंडावर पडल्या होत्या. पण त्यांच्यासाठी निदान कायदा आहे. मतदानाचा शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत त्या प्रसिद्ध करता येत नाहीत. शिवाय त्या चाचण्या आहेत हे पाहणाऱ्याला माहीत असते. मोजणीच्या दिवशीच्या आकड्याला तसे कोणतेच कुंपण नाही आणि तो अंदाज म्हणून येत नाही, मोजलेले मत म्हणून येतो. 4 जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक चार हजारांहून अधिक अंशांनी कोसळला. आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांनी सकाळचे कल पाहून घाईने समभाग विकले. ते आता निवडणुकीचा विषय काढू देत नाहीत.

कागदी मतपत्रिका परत आणाव्यात असे मला म्हणायचे नाही. ज्याने शंकास्पद मतपत्रिकेवर पहाटे तीन वाजता भांडण सोडवले आहे तो तसे म्हणणार नाही. वाहिन्यांनी आकडे उशिरा द्यावेत असेही माझे म्हणणे नाही, कारण त्यांच्यातल्या शर्यतीत ते कोणी ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. माझी मागणी चार अक्षरांची आहे. जेथे आघाडीचा आकडा दाखवाल तेथे त्याच्या शेजारी ‘फेरी 7/23’ असे लिहा. लोकसभेच्या मोजणीत सहा क्षेत्रांचे सहा अपूर्णांक लिहायला जागा नसेल तर एकूण मतांपैकी किती टक्के मते मोजून झाली तेवढे लिहा. हा आकडा आपल्या वार्ताहराने प्रतिनिधींकडून मिळवला आहे की निर्णय अधिकाऱ्यांनी फेरीअखेर जाहीर केला आहे, ते रंगाने दाखवा. लोकांना दोन रंग लगेच समजतात, क्रिकेटने ते शिकवले आहे. षटके किती झाली हे न सांगता धावसंख्या दाखवणाऱ्या वाहिनीवर प्रेक्षक एक दिवस टिकणार नाहीत. आणि ‘विजयी’ हा शब्द निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवा. हेच मी एका वृत्तवाहिनीला मागच्या लोकसभेनंतर, 2019 साली, पत्राने कळवले होते. उत्तर आले नाही, ते येईल अशी अपेक्षाही नव्हती. आपल्याला लिहितो आहे ते अशासाठी, की वर्तमानपत्रांची संकेतस्थळेही आता त्याच शर्यतीत उतरली आहेत, आणि 4 जूनला दुपारी आपल्याच संकेतस्थळावर साताऱ्याची जी आघाडी दिसत होती तिच्याखाली वेळ होती, फेरी नव्हती.

येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आहे. सातारा जिल्ह्यात आठ मतदारसंघ आहेत आणि मी एका शंभरपानी वहीत आठांची पाने आतापासूनच आखून ठेवली आहेत. डावीकडे फेरी, मधे उमेदवार, उजवीकडे वेळ. फेरीचा रकाना आपल्या पानावरून भरता आला तर नातीचा मोबाइल मागावा लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
सातारा